कुणाला विचारून?

तुम्ही विचारलंय, बहुसंख्य लोकांना पटलेलं नसताना एखादी नैतिक गोष्ट कायद्यानं लादावी का. कधी लादावी, कधी नाही. पण ‘लोकांना पटलेलं नाही’ म्हणताना त्या लोकांत कोणकोण धरलंय, ते आधी बघा.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला. आमच्या गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान आहे. 2008 च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर दुकान ठेवायचं की नाही यावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर एक चित्र उभ्या बाटलीचं, म्हणजे दुकान राहू द्या; एक आडव्या बाटलीचं, म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. सहमती मोजायची याहून सरळ रीत मला तरी माहीत नाही.

माझी चुलती त्यासाठी दारोदार हिंडली. सह्यांच्या पडताळणीला बायांना पुन्हा समोर बोलावलं, तेव्हा काहींचे नवरे मागं येऊन उभे राहिले. तरी जमलं. मतदान लागलं डिसेंबरात. दिवाळीनंतर आमचं अर्धं गाव ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं गेलेलं असतं. मोजणी झाली, उभ्या बाटलीला बोटावर मोजण्याइतकी मतं, आडवीला ढीगभर, आणि दुकान चालूच! कारण हिशेब पडलेल्या मतांचा नसतो, यादीतल्या नावांचा असतो. तिकडं उसाच्या फडात मोळ्या बांधणारी बाई न विचारताच उभ्या बाटलीच्या बाजूला गेली. तिच्या उचलीतलेच, म्हणजे तोडीआधी घेतलेल्या आगाऊ मजुरीतलेच, पैसे त्या दुकानाच्या गल्ल्यात पडतात, ते वेगळंच.

आता याच गावात समजा दुसरं मतदान घेतलं, पोरीचं लग्न अठराच्या आत करावं का? आईबाप काही वैरी नसतात. तोडीला जाताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर मागं ठेवायची, हा त्यांचा घोर खरा आहे. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, त्यावर मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल. एकट्या पोराला ती अर्धीच. मतपेटीत हे सगळं उतरेल आणि बालविवाह खुशाल निवडून येईल. जिचं लग्न ती सोळाची, तिचं नाव यादीतच नाही. म्हणून 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा गावाला न विचारता लागू आहे, हे मला बरोबर वाटतं. चालतो अर्धामुर्धाच. गावात तो राबवायचा ग्रामसेवकानं, आणि त्याला दिवस काढायचे त्याच लोकांत. लग्न मग पाहुण्यांच्या गावी, रात्री लागतं. पण एखाद्या पोरीनं मुलांच्या मदतीच्या 1098 नंबरला फोन केलाच तर तिच्या बाजूनं बोलायला कायदा तरी असतो.

‘आधी लोकांचं मन वळवा, मग करा’ हे ऐकायला बरं वाटतं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मेली, आणि ठराव अडकून पडला. 14 जानेवारी 1994 ला नाव लागलं, तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून, नामविस्तार म्हणून. मधली साडेपंधरा वर्षं सहमतीची वाट बघण्याची किंमत ज्यांची घरं जळाली त्यांनीच भरली.

पण याच न्यायानं सगळं खपवता येत नाही. गोहत्याबंदीचा कायदा राज्यात 1976 चाच होता; मार्च 2015 मध्ये बैलही त्यात आले. आम्ही पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीनं मळतो, आम्हाला कुणी बैलावरची माया शिकवायला नको. पण त्याच वर्षी दुष्काळ, कडब्याचा भाव गगनाला, आणि म्हातारा बैल बाजारात नेला तर घ्यायला कोणी नाही. पुण्य दुसऱ्याचं आणि दावणीचा खर्च आमचा. इथं कुणा मुक्या माणसाला कायदा वाचवत होता असं मला दिसलं नाही (बैल मुका आहे, मान्य, पण त्याला चारा कायद्यानं दिला नाही).

चुलती यंदा परत सह्या गोळा करतेय. मी तिला एवढंच सांगितलंय, मतदान मे महिन्यात मागा, ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतलेल्या असतात तेव्हा.