संस्कृत आहे, रशियन आहे. स्लाव भाषांचा इतिहास कुठून धरायचा?

पुण्याहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. संस्कृत घेऊन ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोबत रशियनचा वर्ग चालू आहे. स्लाव भाषांचा उगम आणि इतिहास यात पुढे शिकायचं मनात आहे. ती विचारते, 'रशियन ही या भाषांची आई ना? मग आधी तीच पक्की करू का? आणि घरचे विचारतात, यात नोकरी कुठली?'

उत्तर:

रशियन आई नव्हे, बहीण. आई म्हणजे आद्य स्लाव भाषा. ती कधी लिहिली गेली नाही, लेकींच्या तोंडावरून तिचा चेहरा काढावा लागतो. सहाव्या-सातव्या शतकात तिचे बोलणारे बाल्कनपर्यंत पसरले आणि पुढे तीन शाखा झाल्या. पूर्वेला रशियन, युक्रेनियन, बेलारूसी. पश्चिमेला पोलिश, चेक, स्लोव्हाक, सोर्बियन. दक्षिणेला स्लोव्हेनियन, सर्बियन-क्रोएशियन, मॅसिडोनियन, बल्गेरियन.

युरोपचा नकाशा उघड. तटबंदीच्या वस्तीला 'गोर्द' असा एक जुना शब्द होता. रशियात त्याचं नोव्गोरोद झालं, प्रागमध्ये व्हिशेह्राद, सर्बियात बेओग्राद (आपलं बेलग्रेड), पोलंडच्या वायव्येला स्टारगार्ड. मग व्होल्गोग्राद रशियात असून 'ग्राद' कसं? तो तुकडा चर्चच्या ग्रंथभाषेतून उचललेला आहे. मराठीत 'घर' अंगणातलं आणि 'गृह' पोथीतलं, तसंच. (गृह आणि ग्राद एकाच मुळाचे धरतात, हा आणखी एक योगायोग.)

ही ग्रंथभाषा म्हणजे जुनी चर्च स्लाव्हॉनिक. तुझी सुरुवात इथून व्हावी. ८६३ साली थेस्सलोनिकीचे सिरिल आणि मेथोडियस हे भाऊ मोराव्हियात (आजच्या चेकियाच्या भागात) धर्मप्रचाराला गेले. त्यासाठी सिरिलने ग्लागोलिती लिपी घडवली. ज्या लिपीला आज सिरिलिक म्हणतात ती नंतर बल्गेरियात तयार झाली. ही भाषासुद्धा आई नाही, दक्षिण शाखेतल्या एका बोलीवर उभी आहे. पण शाखा फुटून फार काळ झालेला नसताना लिहिली गेल्यामुळे आईच्या सगळ्यात जवळची तीच.

टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिचे १० धडे मोफत आहेत. एका धड्याला दोन आठवडे दे, रोज तासभर. मग मारियानुस या हस्तलिखितातलं गॉस्पेल वाचायला घे. मूळ ग्लागोलितीत आहे, पण १८८३ची छापील आवृत्ती सिरिलिकमध्ये आहे. प्रोइएल या ऑनलाइन संग्रहात त्याच्या प्रत्येक शब्दाला विभक्ती-वचनाची नोंद जोडलेली मिळते, आपण लावलेलं रूप तिथे तपासून बघता येतं.

संस्कृत आणि स्लाव भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, म्हणून तुझं संस्कृत इथे कामाला येतं. स्वप् धातूचं संप्रसारण होऊन (म्हणजे 'व'चा 'उ' होऊन) 'सुप्त' होतं, हे तुला पाठ असेल. स्लावमधला झोपेचा शब्द याच आखूड झालेल्या रूपावरून येतो: सुप्नोस. आद्य स्लावला व्यंजनान्त अक्षर चालत नव्हतं, म्हणून 'प' गळाला. ऱ्हस्व उ आणखी आखूड होऊन 'येर' नावाचा निसटता स्वर झाला. शेवटच्या 'ओस'च्या जागीही येरच आला. पुढे हे येर शेवटाकडून मोजत गळाले: पहिला दुबळा, तो गेला, दुसरा सबळ, तो रशियनमध्ये 'ओ' झाला. म्हणून 'सोन'. षष्ठीत शेवटी पूर्ण स्वर 'आ' आहे, त्याच्या आधीचा येर दुबळा ठरतो आणि गळतो. म्हणून 'स्ना'. रशियनच्या वर्गात 'हा स्वर पळून जातो' एवढंच सांगतात. तो का पळतो ते हे. मात्र प्रत्येक पळपुटा स्वर येर नसतो. 'ल्योद' म्हणजे बर्फ, याची षष्ठी 'ल्दा'. इथे मुळात पूर्ण 'ए' होता, बाकीच्यांची नक्कल करून तो पळायला शिकला. जुनं रूप न बघता नियम लावला की इथे हमखास चूक होते.

संस्कृतवाल्यांची दुसरी चूक म्हणजे सारखे दिसणारे शब्द गोळा करत सुटायचं आणि रशियन संस्कृतातून निघाली असं ठरवून टाकायचं. तपासायचा असतो नियम. स्नुषा (आपली सून) आणि रशियन 'स्नोखा': उच्या पुढे तिकडे ष, इकडे ख. शतम् आणि 'स्तो', दश आणि 'द्येस्यात': श समोर स. या हिशोबाने श्वशुरातल्या दुसऱ्या श समोरही स हवा, पण शब्द आहे 'स्व्योकर', क घेऊन बसलेला. अशा अपवादांची वेगळी वही ठेव. संशोधनाचे विषय त्याच वहीतून निघतात.

नोव्गोरोदची भूर्जपत्रं याचा उत्तम दाखला. १९५१पासून तिथे ११००च्या वर पत्रं सापडली आहेत. अकराव्या शतकातल्या २४७ क्रमांकाच्या पत्रात 'दार' या शब्दाशेजारी 'केले' असा शब्द आहे. आधी तो मठातली खोली या अर्थाने लावला गेला. रशियन भाषाशास्त्रज्ञ आंद्रेई झालिझन्याक यांनी दाखवलं की तो 'त्सेल', म्हणजे शाबूत: कुलूप शाबूत, दारं शाबूत. बाकी सगळ्या स्लाव भाषांत अशा जागी क चा त्स झाला, जुन्या नोव्गोरोदच्या बोलीत झालाच नाही. एका शब्दाच्या वाचनातून बोलीचा पुरावा निघाला.

आता शिक्षण आणि नोकरी. निव्वळ स्लाव भाषांच्या इतिहासावर आपल्याकडे नोकरी मिळेल अशी आशा धरू नकोस, हे घरी स्पष्ट सांग. पगार रशियनवर मिळतो (अनुवाद, दुभाषेगिरी, अध्यापन) किंवा भाषाविज्ञानावर. नेट परीक्षेत हे दोन वेगळे विषय आहेत, म्हणून एम.ए.च्या आधीच निवड करावी लागेल. तुझा कल पाहता पुण्यातच डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान कर आणि रशियन बाजूने चालू ठेव. दिल्लीला जायची तयारी असेल तर दिल्ली विद्यापीठात स्लाव भाषांचा स्वतंत्र विभाग आहे. बाहेर जायचं तर नेदरलँड्समधलं लायडन विद्यापीठ. तौलनिक इंडो-युरोपीय भाषाविज्ञानात, त्यातही बाल्टिक (लिथुआनियन वगैरे) आणि स्लाव भाषांमध्ये, तिथलं काम मोठं आहे.

तिथे अर्ज करण्याआधी दोन गोष्टी झालेल्या असू देत. एक, दुसऱ्या शाखेतली एखादी भाषा वाचण्यापुरती. मी पोलिश घे म्हणेन, कारण तिने जुने अनुनासिक स्वर टिकवलेत: रशियन 'झुब' म्हणजे दात, पोलिशमध्ये तो अजून 'झोंब' आहे, आणि संस्कृतातला 'जम्भ' तुला लगेच आठवेल. दोन, जर्मन, बोलता नाही आली तरी चालेल, पण कोशाच्या मदतीने लेख वाचता आला पाहिजे. या विषयाची एकोणिसाव्या शतकातली बरीच पुस्तकं त्याच भाषेत आहेत, आणि ती टाळून चालत नाही.