केझिकचा पाऊस आणि 'गळणारी' जॅकेटं: नवीन घ्यायच्या आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, आमचंही अगदी हेच झालं होतं. तुम्ही लिहिलंत: इंग्लंडमधल्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टात केझिकला घर, मुलगा आठ वर्षांचा, मुलगी तीनची आणि अजून पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसणारी. चौघांची जॅकेटं गेल्या वर्षीच घेतलेली, आणि आता तासाभराच्या पावसात खांदे आणि दंड आतून ओले. दुकानदार म्हणतो, वॉटरप्रूफिंग संपलं, नवीन घ्या. कृपया थांबा. माझ्या मते दहातली नऊ जॅकेटं गळत नसतात, मळलेली असतात.

सुती बनियन नको, आत लोकर किंवा पॉलिएस्टर, वर फ्लीस, हे तुम्हाला माहीत असणारच. त्यात शिरत नाही.

जॅकेटचं बाहेरचं कापड पाणी अडवत नाही. ते काम आतल्या पातळ पडद्याचं, म्हणजे मेम्ब्रेनचं. बाहेरच्या कापडावर फक्त एक लेप असतो, त्यामुळे पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळतात. लेप झिजला किंवा मळला की कापड पाणी पितं, गडद दिसतं, जड होतं. पडदा शाबूतच असतो, पण ओल्या कापडातून घामाची वाफ बाहेर पडत नाही, ती आतल्या बाजूला गार होऊन तिचं पाणी होतं. चढावर तर घाम येणारच. मग वाटतं, जॅकेट गळलं.

खात्री घरीच करता येते. एका वाडग्यावर जॅकेटचा खांद्याचा भाग खोलगट पसरा, बाहेरची बाजू वर. खाली वाडग्यात कोरडा टिश्यू ठेवा. खळग्यात कपभर पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. वरचं कापड गडद झालं पण टिश्यू कोरडा राहिला, तर पडदा ठीक आहे. टिश्यू ओला झाला तर जॅकेट उलटं करून शिवणीवरची टेप बघा. टेप सुटली असेल तर ती परत चिकटवता येते. पडद्याचेच पोपडे निघत असतील तरच नवीन घ्या.

आता माझा राग. एका कंपनीच्या तक्रार विभागाने आमची जॅकेटं ऐन हिवाळ्यात कित्येक आठवडे ठेवून घेतली आणि 'नेहमीची झीज' एवढी चिठ्ठी लावून परत पाठवली, सोबत नवीन खरेदीवर सवलतीचं कूपन. धुतलंत का, कशाने धुतलंत, हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. नवीन जॅकेटांचे पैसे गेले, आणि त्याच चुकीच्या साबणाने तीही काही महिन्यांत तशीच झाली. विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं मी मानत नाही.

साबणाचंच सांगते. कपड्यांची नेहमीची पावडर पाणी कापडात मुरावं म्हणूनच बनवलेली असते. तिचा अंश कापडात राहिला की तो पाणी ओढून घेतो. फॅब्रिक सॉफ्टनर तर त्याहून वाईट. त्यात इथलं लेक डिस्ट्रिक्टचं पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचं, फेस भरपूर होतो. पाकिटावरचं कठीण पाण्याचं माप टाकलं तर पावडर निघता निघत नाही.

दुसरं कारण आपल्याच घरातलं आहे, आणि इंग्रज दुकानदाराला ते सुचणार नाही: खोबरेल तेल. मुलांच्या तेल लावलेल्या डोक्यावर हूड चढवला की हूड, कॉलर आणि खांदे आधी जातात. अलीकडच्या फ्लोरिनविरहित लेपांना तेल मुळीच सोसत नाही, त्यामुळे ही जॅकेटं जुन्यांपेक्षा जास्त वेळा धुवावी लागतात. डोंगरावर जायच्या दिवशी तेल नको, किंवा आत पातळ टोपी घाला आणि टोपीच धुवा.

धुताना मशीनचा साबणाचा कप्पा काढून गरम पाण्याने घासून घ्या, नाहीतर जुनी पावडर परत येते. चेन आणि वेल्क्रो बंद करा. निकवॅक्सचं टेक वॉश किंवा तसंच खास द्रव, बाटलीवरच्या मापाने, ३० अंशांवर, आणि दोनदा खळबळून. मग पाणी टाकून बघा. बऱ्याचदा एवढ्यानेच थेंब परत घरंगळू लागतात. नाही झालं तरच लेपाचं द्रव वापरा, आणि तेही धुतलेल्या ओल्या कापडावर. मळावर लेप बसत नाही. लेबलवर परवानगी असेल तर शेवटी टंबल ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

जॅकेटापलीकडची एक गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्याला सह्याद्रीतल्या पावसाची सवय, तिथे भिजलं तर भिजलं. इथे सहा-सात अंश आणि वारा असतो. तुम्ही चढताना घामाघूम, आणि कॅरियरमधली मुलगी मात्र हालचालीविना बसलेली. तिला तुमच्याहून एक पूर्ण थर जास्त हवा. पंधरा-वीस मिनिटांनी मानेमागे हात लावून बघा, आणि तिला उतरवून चालवा. कुरकुरणारं मूल ठीक असतं. गप्प झालं, अडखळायला लागलं, की तिथूनच परत फिरा. मी डॉक्टर नाही, पण यात थांबून बघू नये.

गमबुटात पाणी जातं ते बहुधा वरून: पावसाळी पँट बुटाच्या आत नको, बाहेर हवी. हातमोज्यांचे दोन सुके जोड कॅरीबॅगेत बांधून घ्या. सॅकच्या आत कचऱ्याची जाड पिशवी घाला, बाहेरचं कव्हर वाऱ्याने उडतं. रुंद तोंडाच्या थर्मासात आधी दहा मिनिटं उकळतं पाणी ठेवा, ते ओतून टोमॅटोचं सार भरा, दुपारपर्यंत वाफाळतं राहतं.

वाटांबद्दल माझं मत ठाम आहे. कॅटबेल्सचा डोंगर ४५१ मीटरच, पण माथ्याजवळचा खडक पायांनी गुळगुळीत झालाय, ओला असताना लहान मुलांना घेऊन नको. केझिकपासून थ्रेल्केल्ड गावापर्यंतची जुनी रेल्वेवाट घ्या: साधारण पाच किलोमीटर, सपाट, कंटाळा आला की मागे फिरता येतं. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर लोडोरचा धबधबा बघण्यासारखा असतो. वारा फार असेल तर झाडीतल्या वाटा टाळा.

बॉरोडेल खोऱ्यातल्या ओढ्यांवरच्या पायदगडांवर पावसात विसंबू नका. त्याच खोऱ्यातल्या सीथवेटला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वरच्या हॉनिस्टर खिंडीत ५ डिसेंबर २०१५ला संपलेल्या २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पडला होता. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना ओलांडता येत नाही, असं सहज होतं. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दोनला परतीला लागा.

अडचण आली तर ९९९ या आपत्कालीन नंबरला फोन करा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. फोनवरून इंग्रजीत 'रजिस्टर' असा संदेश ९९९ला पाठवून आजच नोंदणी करा, म्हणजे रेंज कमी असताना संदेशाने मदत मागता येते.

टिश्यूची चाचणी करून काय झालं ते लिहा, आणि लेबलवर ड्रायरच्या चिन्हावर फुली आहे का तेही. फुली असेल तर इस्त्रीने कसं करायचं ते सांगते.