ऑनलाइन पोकरसाठी पीसी घेतोयस? आधी मॉनिटर ठरव

तू सगळं बजेट ग्राफिक्स कार्डावर लावायला निघालायस, म्हणून कळकळीने सांगतो, ते कार्ड आत्ता घेऊच नकोस. पोकरचं टेबल म्हणजे पत्ते आणि चिप्सचं साधं चित्र, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याला पुरून उरतं. १६ जीबी रॅम, एसएसडी, मधल्या फळीतला प्रोसेसर, बास.

खरा पैसा मॉनिटरवर घाल. २४ इंची फुल एचडीवर एकाच वेळी चार टेबलं, म्हणजे खेळाच्या चार खिडक्या, लावलीस की प्रत्येकाला ९६० गुणिले ५४० पिक्सेल मिळतात. बेटचे, म्हणजे डावावर लावलेल्या चिप्सचे, आकडे वाचताना डोळे बारीक करावे लागतात आणि चुकीचं बटण दाबलं जातं. २७ इंची, २५६० गुणिले १४४० चा घे. तिथे तीच चार टेबलं १२८० गुणिले ७२० ची होतात, एकावर एक चढत नाहीत. पॅनल आयपीएसच हवं, नाहीतर बाजूने पाहताना रंग फिके पडतात आणि चार रंगांची गड्डी (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर प्रत्येकाला वेगळा रंग) लावून उपयोग राहत नाही. १४४ हर्ट्‌झचा मोह सोड, पडदा सेकंदाला १४४ वेळा बदलून पत्ते काही वेगळे दिसत नाहीत. स्टँड मात्र वर-खाली होणारा बघ, माझी मान दोन वर्षं त्यापायीच दुखत होती.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत घेणार असशील तर दुकानातच मॉनिटर चालू करून पांढरा आणि काळा पडदा लावून बघ, मेलेला पिक्सेल लगेच दिसतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जातेच, तेव्हा छोटा यूपीएस घे आणि राउटरही त्यावरच जोड.

आणि हो, २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालंय. सराव फुकटच्या चिप्सवरच कर.