दरखास्तीचं कोर्ट निकालाच्या मागे जात नाही, पुढेही जात नाही

प्रश्न : वकील साहेब, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली कास्तकार बाई आहो. लहान पोरीच्या हातानं लिहून घेत आहो. 2011 साली आमच्या मालकानं मोठ्या पोरीच्या लग्नासाठी तालुक्याच्या एका दुकानदाराजवळून 80 हजार रुपये घेतले. तिकीट लावलेल्या कागदावर सही देली. तो दुकानदार बी-खत विकते आन् कापूसही घेते. दोन साल आम्ही कापूस त्याच्याच काट्यावर घातला. तो पैसे कापे, पण वही कधी दाखवली नाही. मालक म्हणत निम्मे फिटले, तो म्हणे ते खताच्या उधारीत गेले. 2013 च्या जूनमध्ये त्यानं दावा टाकला. कोर्टाचा कागद घरी आल्याचं मले तरी माहीत नाही. 2016 च्या फेब्रुवारीत एकतर्फी निकाल लागला. 2018 च्या जानेवारीत, बोंडअळीनं पऱ्हाटी गेली होती तरी, मालकानं बैल विकून त्याले 20 हजार नेऊन देले. त्यानं बिलाच्या मागं 'वीस हजार जमा' लिहून सही केली. 2020 मध्ये मालक वारले. आता कोर्टाची नोटीस आली, 2,52,800 रुपये, नाहीतर जप्ती. गावात कोणी म्हणते तीन वर्सं झाले की कर्ज बुडते, कोणी म्हणते पोलीस नेतीन. दुकानदाराचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हणते दीड एकर लिहून द्या, केस मिटवतो. मालकाच्या नावानं चार एकर वावर आन् घर हाये. माह्या नावानं बचत गटाचे 18 हजार. पोरगा पुण्याले कंपनीत हाये, तो म्हणते कोर्टात जाऊच नको. हे कर्जमाफीत बसत नाही काय? निकालाची आन् नोटिशीची झेरॉक्स जोडली हाये.
— एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पत्र पूर्ण छापलं, कारण अशी पत्रं मला दर पावसाळ्याआधी येतात आणि बहुतेकांत कागद जोडलेले नसतात. तुम्ही जोडले. त्यामुळेच पुढचं बरंचसं लिहिता आलं.

आधी भीती काढून टाकतो. पोलीस येणार नाहीत. हा दिवाणी मामला आहे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी, म्हणजे पैसे द्या असं सांगणाऱ्या कोर्टाच्या निकालासाठी, बाईमाणसाला अटक करता येत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 56 मध्ये सरळ लिहिलं आहे. रात्री झोपा.

आता चौकातल्या कायद्याकडे. तीन वर्षांची गोष्ट खरी आहे, पण ती दावा टाकण्याची मुदत आहे. 2011 चा कागद, 2013 चा दावा, म्हणजे दुकानदार मुदतीत आला. एकदा हुकूमनामा झाला की तो बजावून घ्यायला त्याला 12 वर्षं मिळतात. फेब्रुवारी 2016 पासून मोजा : फेब्रुवारी 2028. तेव्हा 'बुडालं' म्हणणाऱ्यांनी चहा पिऊन घरी जावं. कर्जमाफीचंही तसंच. 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना काय किंवा 2019 ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती काय, त्या बँक-सोसायटीच्या शेतीकर्जासाठी होत्या. दुकानदाराच्या तिकिटावरच्या कागदाला त्या लागत नाहीत.

तुमच्या मुलाला माझा निरोप द्या : कोर्टात न जाणं हाच उपाय 2013 मध्ये झाला आणि त्याचं फळ हातात आहे. आता आलेली नोटीस खरं म्हणजे तुमच्या सोयीची आहे. निकालाला दोन वर्षं उलटली असतील, किंवा ज्याच्यावर निकाल होता तो माणूस वारला असेल आणि वारसांवर दरखास्त (निकालाची वसुली करून द्या असा कोर्टातला अर्ज) चालवायची असेल, तर जप्तीआधी नोटीस काढून 'तुमचं म्हणणं काय' हे विचारावं लागतं. तुमच्या बाबतीत दोन्ही कारणं आहेत. त्या तारखेला तुम्ही गेला नाहीत तर कोर्ट समजेल की म्हणणं काही नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद. निकालाच्या झेरॉक्सचं शेवटचं पान काढा. खालून चौथी ओळ, बहुधा तुमच्या पोरीनंही नजरेखालून घातली नसेल : 'रक्कम रु. 80,000 वर दावा दाखल तारखेपासून वसूल होईपर्यंत द.सा.द.शे. 6 प्रमाणे व्याज.' म्हणजे वर्षाला 4,800, महिन्याला 400. नोटिशीतला हिशेब जून 2013 ते जून 2025 असा बारा वर्षांचा आहे. बारा चोक अठ्ठेचाळीस करत गेलात तर 57,600 व्याज, मुद्दलासकट 1,37,600. वर दाव्याचा खर्च, तो निकालात वेगळा लिहिलेला असतो. मग 2,52,800 आले कुठून? मी सहाच्या जागी अठरा टक्के धरून पाहिलं. वर्षाला 14,400, बारा वर्षांचे 1,72,800, अधिक 80 हजार. बरोबर 2,52,800. एका रुपयाचाही फरक नाही! दुकानातल्या वहीचा दर कोर्टाच्या दरखास्तीत उतरला. चुकून की जाणून, ते दुकानदाराला माहीत.

दरखास्तीच्या कोर्टाला निकालाच्या मागे जाता येत नाही. कापूस किती घातला, वहीत काय होतं, कर्ज निम्मं फिटलं होतं की नाही, हे तिथे कितीही खरं असलं तरी कोणी ऐकणार नाही; ते 2013 च्या दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, कैफियतीत, यायला हवं होतं. पण हाच नियम दुकानदारालाही बांधतो. त्यालाही निकालाच्या पुढे जाता येत नाही. सहा टक्के म्हटलं तर सहाच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच कलम 47 खाली लेखी हरकत द्या, सोबत निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आणि कागदावर मांडलेला हा हिशेब. कोर्टात गोष्टीपेक्षा आकडा लवकर ऐकला जातो, हे मी यवतमाळच्या आणि आसपासच्या तालुका कोर्टांत तीस वर्षं पाहत आलो आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण पोरगा पुढे विचारेल : एकतर्फी निकालच रद्द होत नाही का? होतो. समन्स नीट बजावलं नव्हतं हे दाखवलं तर होतो, आणि मग सगळा दावा पुन्हा उभा राहतो, वही, कापूस, सावकारीचा परवाना, सगळं. अर्जाची मुदत निकाल कळल्यापासून 30 दिवस. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं. इथे मात्र तुमचेच दोन मुद्दे एकमेकांना धक्के देतात. एकीकडे म्हणायचं, कागद आला नाही, निकाल माहीत नव्हता. दुसरीकडे चिठ्ठी दाखवायची, की निकालानंतर 2018 मध्ये 20 हजार भरले. समोरचा वकील पहिल्याच मिनिटाला विचारेल : निकाल माहीत नव्हता तर बैल विकून पैसे कशाचे भरले? मालकांना तेव्हाच कळलं होतं असं धरलं तर सात वर्षांचा उशीर झाला. म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. तरी जुन्या दाव्याची फाईल एकदा काढून समन्स बजावणाऱ्या बेलीफचा अहवाल बघाच. मी एका फाईलीत 'घराला कुलूप, समन्स दारावर चिकटवले' असा अहवाल पाहिला आहे, आणि त्या महिन्यात ते अख्खं कुटुंब कापूस वेचायला परगावी गेलं होतं. पंच म्हणून सही दुकानदाराच्याच दिवाणजीची! तसं काही निघालं तर मला पुन्हा लिहा, उत्तर बदलेल.

चिठ्ठीबद्दल वाईट बातमी आहे. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले, तर ते कोर्टाच्या दप्तरी नोंदवून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी पैसे भरणाऱ्याला 30 दिवसांची मुदत असते. नोंद नसेल तर दरखास्तीचं कोर्ट ते पैसे धरत नाही, सही असली तरी. दुकानदारानं कबूल केलं तर गोष्ट वेगळी. हे मला ऐकून नव्हे, भोगून माहीत आहे. वकिलीची सनद घेऊन दुसरं वर्ष होतं. आमच्या एका पक्षकारानं कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली समोरच्याला सगळे पैसे मोजून दिले, दोघांनी एका कपातला चहा अर्धा-अर्धा घेतला. मला 'पैसे मिळाले' अशी पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, दाखल करून घ्यायची होती. दुपारी एसटी होती, म्हटलं पुढच्या तारखेला करू. पुढच्या तारखेला समोरचा 'कोणते पैसे?' म्हणाला. त्या माणसानं नंतर मला कधी दोष दिला नाही, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून पैसे मोजायच्या आधी मी पुरसीस लिहून ठेवतो.

तरीही चिठ्ठी फेकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, तिच्यावर कोणाला काही लिहू देऊ नका. ती कामाला येईल लोकअदालतीत. तिथे दोघं समोरासमोर बसतात, आणि ज्या माणसानं दर तिप्पट लावून हिशेब दिला आणि 20 हजारांची सही लपवली, त्याला न्यायाधीशांसमोर तो कागद टेबलावर बघायला आवडत नाही. तुमचा आकडा 1,17,600 आणि खर्च इथून सुरू करा, हप्ते मागा, पुढचं व्याज सोडायला सांगा. तिथे झालेली तडजोड हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. 'तूर निघाली की देईन' असं तोंडी नको, तारीख आणि रक्कम लिहा. आणि पैसे कोर्टात भरा नाहीतर बँकेतून द्या.

जप्ती कशावर येऊ शकते तेही ऐका. तुम्ही वारस म्हणून उत्तरदायी आहात, तेही मालकांकडून जे तुमच्या हाती आलं तेवढ्यापुरत्या. बचत गटाचे 18 हजार तुमचे, मुलाचा पगार मुलाचा. त्याला हात लागत नाही. राहतं घर, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, वखर, डवरा, तिफण, पोटापाण्याला लागणारे बैल आणि बियाणं, हे कास्तकाराचं असेल तर त्याच संहितेच्या कलम 60 खाली जप्तीबाहेर राहतं. पण तुम्ही स्वतः शेती करता हे कोर्टाला सांगावं लागेल, ते आपोआप कोणी धरत नाही. वावर मात्र या यादीत नाही. ते जप्त होऊ शकतं, आणि लिलाव झालाच तर देण्यापुरताच तुकडा विकावा असं तुमचा वकील मागू शकतो. सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून 'इतर अधिकार' हा रकाना बघा, जप्तीची नोंद पडली आहे का ते कळेल.

आणि दीड एकर लिहून देण्याचं. अजिबात नाही. मालक गेल्यावर ते वावर तुमचं एकटीचं राहिलं नाही, मुलगा आणि दोन्ही पोरी त्यात वाटेकरी आहेत. सगळ्यांचं तुम्ही एकट्या लिहून देऊच शकत नाही. शिवाय 1,37,600 साठी तुमच्या शिवारात दीड एकर कोण देतं, ते मी सांगायला नको. हा माणूस परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करत असेल, गावात आणखी चार घरं त्याच्या वहीत असतील, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. त्या कायद्यात मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आणि कर्जापोटी गेलेली जमीन 15 वर्षांच्या आतली असेल तर परत मिळू शकते. त्यानं तुमचा हुकूमनामा मात्र पुसला जात नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुका कोर्टाच्या इमारतीतच विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, दाखला मागितला तरी आणू नका. फोनवर विचारायचं असेल तर 15100. नोटिशीवर दरखास्तीचा नंबर आहे, तो दाखवला की समितीतले लोक पुढची तारीख सांगतील. पोरीच्या मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्येही दिसेल.

तारखेच्या आधी आठ दिवस नकलेचा अर्ज टाका, ऐन वेळी नक्कल मिळत नाही. आणि दुकानदाराचा माणूस तिसऱ्यांदा आला तर त्याला अंगणातच बसवा, पाणी द्या, आणि एवढंच विचारा : निकालात व्याज किती लिहिलं आहे, दादा?