टर्की मूर्ख असतो का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परसातल्या पक्ष्यांबद्दल लिहिताना ‘टर्की चांगला हुशार असतो’ असं एक वाक्य मी लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर टर्कीलाच दिलं आहे. कुक्कुटपालन शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि इतकी नाहक बदनामी झालेला दुसरा पक्षी मला माहीत नाही.

प्रश्न : पाऊस आला की टर्की चोच उघडून आभाळाकडे बघत उभा राहतो आणि नाकातोंडात पाणी जाऊन मरतो, हे खरं का? आमची बरीच पिल्लं पहिल्याच पावसात गेली. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : पिल्लं पावसानं गेली असतील, पण बुडून नव्हे, गारठून. टर्कीच्या पिल्लाच्या अंगावर सुरुवातीला नुसती लव असते. ती भिजली की ऊब धरत नाही, आणि अंगाचं तापमान स्वतः सांभाळण्याची ताकद पहिले काही आठवडे त्याच्यात नसते. ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देणाऱ्या साधनाखाली, पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती कमी करत जायची. भिजलेली पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी शेडच्या कोपऱ्यात ढीग सापडतो आणि दोष पक्ष्याच्या अकलेला लागतो. रानात हीच पिल्लं पाऊस आला की आईच्या पंखाखाली शिरतात. इथे आई नाही, तेव्हा तिचं काम तुमच्याकडे आलं. लहान पिल्लं पावसात बाहेर सोडू नका, शेडचे कोपरे पत्रा किंवा पुठ्ठा लावून गोल करा, ओलं झालेलं तूस त्याच दिवशी बदला.

आता आभाळाकडे बघण्याचं. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. वरचं काही पाहायचं तर मान तिरकी करून एका डोळ्यानं पाहावं लागतं. वर घार फिरत असली की तो असाच बघतो. शिवाय काही टर्कींमध्ये एक आनुवंशिक दोष असतो. झटका आला की मान वर ताणली जाते आणि पक्षी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ तसाच राहतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीतले टॉम सॅव्हेज यांनी १९९०च्या दशकात हा दोष ओळखला. त्याचा पावसाशी काही संबंध नाही, कोरड्या दिवशीही तो होतो.

प्रश्न : समोर भांडंभर खाद्य असताना पिल्लं उपाशी मरतात. याला काय म्हणायचं? (एक वाचिका, फलटण)

उत्तर : याला पोरकेपण म्हणायचं. काय खायचं हे टर्कीचं पिल्लू मोठ्यांचं बघून शिकतं. आई चोच मारून दाखवते, आवाज करून बोलावते. इन्क्युबेटरमधून अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेर आलेल्या पिल्लाला हे दाखवणारं कुणीच नसतं. म्हणून पहिले काही दिवस खाद्यात आणि पाण्यात रंगीत गोट्या टाकून ठेवा. चकचकीत वस्तूला चोच मारण्याची त्यांना हौस असते, गोटी टोचता टोचता दाणा तोंडात जातो. हिरव्या रंगाकडेही ती ओढली जातात, तेव्हा बारीक चिरलेला पाला वर भुरभुरा. दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून द्या, आणि पाण्यात लिटरमागे शंभर मिली दूध घाला. पहिले पंधरा दिवस हे नेमानं करा, मरतूक खूप कमी होते.

खायला शिकवण्यासाठी कोंबडीचं पिल्लू त्यांच्यात सोडावं, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. युक्ती चालते, पण मी ती सुचवत नाही. कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांमार्फत ‘ब्लॅकहेड’ हा रोग पसरतो. कोंबडी तो बहुधा सोसते, टर्की मात्र पटापट मरतात.

प्रश्न : काठीवर मादीचं नुसतं मुंडकं लावलं तरी नर त्याच्यापुढे नाचतो, असं आमच्या सरांनी सांगितलं. मग हुशारी कुठे राहिली? (बारावीचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : सरांनी सांगितलं ते खरं आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत शाइन आणि हेल या संशोधकांनी हा प्रयोग केला होता. मादीच्या प्रतिकृतीचा एकेक भाग काढत गेले, शेवटी काठीवरचं डोकं उरलं, तरी नर पिसारा फुलवत होता. यातून एवढंच कळतं की नर मादीला डोक्यावरून ओळखतो. याच जातीचा दुसरा प्रयोग वाचताना मला फार वाईट वाटलं होतं. १९६० साली श्लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्कीच्या माद्यांना बहिरं केलं, तेव्हा त्यांनी स्वतःचीच पिल्लं मारली. आई पिल्लाला चिवचिवीवरून ओळखते. ती ऐकू आली नाही की घरट्यात हलणारं काहीही तिच्या लेखी शत्रू असतं. एका खुणेवर भिस्त ठेवणं हा मठ्ठपणा नव्हे. रानात ती खूण जवळजवळ कधीच फसवत नाही, फसवायला प्रयोगशाळा लागते.

प्रश्न : बेंजामिन फ्रँकलिननं टर्कीला अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी करा म्हटलं होतं ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तसा प्रस्ताव त्यानं कधी मांडला नाही. जानेवारी १७८४मध्ये मुलीला लिहिलेल्या खासगी पत्रात त्यानं गरुडापेक्षा टर्कीला जास्त अब्रूदार म्हटलं, थोडा गर्विष्ठ आणि खुळा पण धाडसी म्हटलं, इतकंच.

प्रश्न : टर्कीचं तोंड लाल झालं म्हणजे तो चिडलेला असतो का? (एक वाचिका, म्हापसा)

उत्तर : नेहमीच नाही. मादीपुढे फुललेला नरही लाल होतो. त्या कातडीत रक्तवाहिन्यांभोवती कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू असतात. रक्तवाहिन्या फुगल्या-आकसल्या की तंतूंमधलं अंतर बदलतं आणि रंग लाल, पांढरा, निळा असा पालटतो. तुमच्या गोव्याशी याचं जुनं नातं आहे. १६१२ साली मुकर्रबखान या मुघल सरदारानं गोव्यातून जहांगीर बादशहासाठी जे दुर्मिळ प्राणी-पक्षी नेले, त्यांत टर्की होता. बादशहानं आपल्या आठवणींत त्याचे रंग नोंदवले : कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी फिरोजी. चित्रकार मन्सूरकडून त्यानं त्याचं चित्र काढून घेतलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पक्षी कसा बघावा हे त्या बादशहाकडून शिकावं.

प्रश्न : आमच्या बॉस्टनच्या उपनगरात दोन नर टर्की कायम जोडीनं फिरतात, गाडीच्या दाराला चोची मारतात, मुलांच्या मागे लागतात. २०१७ साली इथल्याच रँडॉल्फमध्ये टर्की मेलेल्या मांजराभोवती गोल फिरत होते, तो व्हिडिओ मी पाहिला आहे. हे वेडे नाहीत तर काय? (एक वाचक, मॅसॅच्युसेट्स)

उत्तर : मांजर हा त्यांच्या दृष्टीनं शिकारी. शिकारी दिसला की जवळ जाऊन, थोडं अंतर राखून त्याची पाहणी करणं हे पुष्कळ प्राणी करतात. त्यात एकामागे एक चालायची टर्कीची सवय मिळाली की गोल तयार होतो.

तुमचे दोघे बहुधा भाऊ असतील. कॅलिफोर्नियात ॲलन क्राकाउर यांनी रानटी टर्कींचा डीएनए तपासून २००५ साली दाखवलं की असे नर भाऊ-भाऊ असतात. दोघं मिळून पिसारा फुलवतात, मादी मिळते ती वरचढ भावाला. दुसऱ्याला स्वतःची पिल्लं होत नाहीत, पण भावाची पिल्लं वाढतात आणि त्यांच्यातून त्याचंही रक्त पुढे जातं. मला हे वाचून या पक्ष्याबद्दल आदरच वाटला.

तुमच्या राज्यातून हा पक्षी १८५१पर्यंत नाहीसा झाला होता. १९७२-७३मध्ये न्यूयॉर्कहून ३७ रानटी टर्की आणून सोडले, त्यांचा हा वंश. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या टर्कीला छातीच्या वजनामुळे उडता येत नाही. हे मात्र झपाट्यानं उडतात आणि रात्री झाडावर झोपतात. गाडीच्या चकचकीत दारात त्यांना दुसरा नर दिसतो, म्हणून चोच मारतात. तिथे जुनी चादर टाका. माणसांनाही ते आपल्या कळपातलेच धरतात आणि कोण भारी हे ठरवायला बघतात. मुलांना सांगा, पाठ फिरवून पळू नका. झाडू उगारा, मोठ्यानं ओरडा, पाण्याची नळी सोडा. आणि शेजारी कुणी दाणे टाकत असेल तर आधी ते बंद करायला सांगा.