‘नो’ ‘ज्ञाना’वरून गेलेला नाही

विचारणा अशी: जाणणे या अर्थाच्या इंग्रजी ‘नो’च्या आधी तो मुका ‘के’ कशाला, आणि हा शब्द आपल्या ‘ज्ञाना’वरूनच गेला ना?

नाही गेला! इंग्रजी शब्द दिसला की त्याला संस्कृतच्या ओटीत घालायची ही खोड आता पुरे. ‘नो’ आणि ‘ज्ञा’ चुलत भावंडं आहेत, बापलेक नव्हेत. दोघांच्या सामाईक पूर्वज भाषेत मुळात होता ‘ग’. संस्कृतात त्याचा ‘ज’ झाला, इंग्रजीच्या घराण्यात ‘क’. जानु म्हणजे गुडघा, इंग्रजीत ‘नी’. तिथंही तोच मुका ‘के’. ‘जन’ला ‘किन’, म्हणजे नातलग. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ साली ‘ग’चा ‘क’ होण्याचा हा नियम मांडला. इंग्रज हा ‘क’ पूर्वी उच्चारत. सतराव्या शतकाच्या आसपास तो गळाला. जर्मन लोक गुडघ्याला अजून ‘क्नी’च म्हणतात. आणि हिंदीतलं ‘ग्यान’ दाखवून ‘हा बघा मूळ ग’ असंही कुणी सांगू नये. तो ‘ज्ञ’चा नंतरचा उच्चार, आपल्या मराठी ‘द्न्य’सारखाच.

खरी मजा ‘कॅन’मध्ये आहे. तोही याच मुळातला. जुना अर्थ जाणणे. पोहणं जाणतो तो पोहू शकतो, असा आजचा अर्थ आला. त्याचं भूतकाळी रूप ‘कुड’, आणि त्यातला ‘एल’ शुद्ध घुसखोर. ‘वुड’ आणि ‘शुड’मध्ये तो हक्काचा आहे, म्हणून इथंही चिकटवला. शिवाय याच मुळातला ‘अनकूथ’: मूळ अर्थ फक्त अनोळखी. आज गावंढळ!

‘कनिंग’ही तिथलाच: एके काळी जाणकार, आता धूर्त. आपल्या ‘शहाणा’चंही तेच झालं. ‘सज्ञान’ झिजून शहाणा झाला, आणि आता ‘फार शहाणा लागून गेलास’ ही शिवी आहे. त्याला फारसी ‘शाह’शी जोडू पाहणाऱ्यांनी आधी हिंदीतल्या ‘सयाना’ची सोय लावावी. तिथं शाह कुठून आणणार? विनंती ‘विज्ञप्ती’तून आली, शपथेची आण ‘आज्ञे’तून, ‘ज्ञ’ असा घरोघरी वेषांतर करून बसलाय. फक्त जानव्याला या पंगतीत बसवू नका. ते यज्ञोपवीत, आणि यज्ञातला ‘ज्ञ’ ‘यज्’ धातूचा.