मायक्रोकंट्रोलर यूएसबी होस्ट म्हणून वापरताना

उद्यमबागेतील कारखान्यासाठी बारकोड स्कॅनर थेट मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपवरील छोट्या संगणकाला, जोडण्याचा आपला विचार उत्तम आहे. मात्र होस्ट (यूएसबी जोडणीवर नियंत्रण ठेवणारी बाजू) झाल्यावर संवादाची सगळी जबाबदारी आपल्या चिपवर येते, हे आधी ध्यानात घ्यावे. स्कॅनर स्वतःहून एक अक्षरही पाठवत नाही; होस्टने विचारले तरच तो उत्तर देतो, आणि देण्यासारखे काही नसेल तर ‘नॅक’ (सध्या काही नाही, असा संकेत) कळवतो, त्याला बिघाड समजू नये.

होस्टच्या दोन्ही डेटा तारांवर १५ किलोओहमचे पुल-डाउन (तार शून्य व्होल्टकडे ओढणारे रोध) असतात. उपकरणाच्या १.५ किलोओहमच्या पुल-अपने (तार वरच्या व्होल्टेजकडे ओढणाऱ्या रोधाने) डी-प्लस तार वर गेली तर ते फुल-स्पीड, डी-मायनस वर गेली तर लो-स्पीड. मग जोडणी स्थिर होण्यासाठी १०० मिलिसेकंद थांबून किमान ५० मिलिसेकंद रीसेट द्यावा, शून्य पत्त्यावर डिस्क्रिप्टर (उपकरणाची ओळख-माहिती) मागावा, नवा पत्ता द्यावा आणि त्यानंतरच कॉन्फिगरेशन (उपकरणाची कार्यरचना) निवडावे.

क्लॉकबाबत, म्हणजे चिपचा वेग ठरवणाऱ्या ठोक्यांबाबत, माझे मत ठाम आहे. फुल-स्पीडला उपकरणाची ०.२५ टक्क्यांची चूक चालते, होस्टची मात्र ०.०५ टक्क्यांपलीकडे चालत नाही. म्हणून चिपमधील आरसी ऑसिलेटरवर (रोध व कपॅसिटर वापरून ठोके देणाऱ्या, कमी अचूक मंडलावर) विसंबू नये, अचूक ठोके देणारा क्वार्ट्झ क्रिस्टलच लावावा. व्हीबसचे (उपकरणाला वीज देणाऱ्या तारेचे) ५ व्होल्टही आपणच पुरवायचे असल्याने ते प्रवाहाला मर्यादा घालणाऱ्या पॉवर स्विचमधून द्यावेत.